बार्बरा हेपवर्थसारखं अ‍ॅबस्ट्रॅक्ट ड्रॉइंग घरी कसं करायचं (पुण्यात मिळणाऱ्या सामानात)

ब्रिटिश शिल्पकार बार्बरा हेपवर्थचं १९४०च्या दशकातलं एखादं ड्रॉइंग दाखवलं की लोक म्हणतात "हे काय, कंपासपेटी घेऊन बसलं की तासाभरात होईल", आणि गंमत म्हणजे ते निम्मं खरंय. एकदोन लंबगोल, त्यांच्यामधून ताणलेल्या पेन्सिलीच्या सरळ रेघा, कुठेतरी लाल किंवा निळ्याचा एकच तुकडा आणि बाकी सगळं करडं-पांढरं. पण साध्या ड्रॉइंग पेपरवर तसं काढून बघा, ते भूमितीच्या वहीतलं पान दिसतं. कारण ही बाई मुळात दगड आणि लाकूड कोरणारी, आणि सपाट बोर्डवरसुद्धा ती कोरतच होती, म्हणजे आधी जाड पांढरा थर द्यायचा, त्यावर रंग लावून पुसायचा, रेघ खोल दाबायची आणि मग ब्लेडने खरवडून आतला पांढरा परत वर आणायचा. तर आज ते सगळं सांगतो, आणि तुम्ही इंटरमिजिएटची परीक्षा दिली असेल तर निम्मं काम तुम्हाला येतंच असं धरून चालतो.

थोडं बॅकग्राउंड, कारण पद्धत त्यातूनच आलीये. हेपवर्थ १९०३ची, यॉर्कशरमधल्या वेकफिल्डची, वडील रस्ते-पुलांच्या खात्यातले इंजिनिअर, लहानपणी त्यांच्यासोबत गाडीतून डोंगरदऱ्या बघत फिरायची. लीड्सच्या आर्ट स्कूलला शिल्पकार हेन्री मूर तिच्याबरोबर होता, मग लंडनचं रॉयल कॉलेज, मग इटलीत संगमरवर कोरायला शिकली. १९३९च्या ऑगस्टमध्ये, युद्ध सुरू व्हायच्या तोंडावर, ती चित्रकार नवरा बेन निकल्सन आणि पाच वर्षांचीही झाली नव्हती अशी तिळी पोरं घेऊन कॉर्नवॉलला सेंट आयव्ह्जजवळ राहायला गेली. तिथे कोरायला ना जागा ना दगड, दिवसभर लहान मुलांची शाळा चालवायची, भाजीपाला पिकवायचा, आणि रात्री उरलेल्या वेळात ड्रॉइंग. १९४१ आणि पुढची ती पेन्सिल-गुआशमधली (गुआश म्हणजे पोस्टर कलरसारखा अपारदर्शक पाण्याचा रंग) ड्रॉइंग्ज म्हणजे हीच, 'रेड इन टेन्शन' वगैरे. काहींच्या नावातच 'ड्रॉइंग फॉर स्कल्प्चर' आहे पण ते घराच्या प्लॅनसारखं घेऊ नका, त्यातून जसंच्या तसं शिल्प क्वचितच झालं, दगड हाताशी नव्हता म्हणून कागदावर काढलेली ती शिल्पंच आहेत.

बोर्डवाली पद्धत नंतरची. १९४४ला तिच्या मुलीला हाडाचा आजार झाला, त्या निमित्ताने नॉर्मन केपनर नावाच्या सर्जनशी ओळख झाली आणि १९४७पासून ती चक्क ऑपरेशन थिएटरमध्ये उभी राहून बघायची आणि नंतर ड्रॉइंग करायची. ती हॉस्पिटल ड्रॉइंग्ज माणसांच्या आकृत्यांची आहेत, अ‍ॅबस्ट्रॅक्ट नाहीत, पण बोर्डवर पांढरा थर, पातळ ऑइल कलर, पेन्सिल आणि खरवडणं हे सगळं तिथे पक्कं झालेलं दिसतं. आपण काय करणार, तर १९४१चे आकार घेणार आणि १९४७ची पद्धत. प्युरिस्ट लोकांनी माफ करावं, पण मला हे कॉम्बिनेशन सगळ्यात जास्त शिकवणारं वाटतं.

आता बोर्ड आणायच्या आधी एक सकाळ बघण्यात घालवा, हे स्किप करू नका. जंगली महाराज रस्त्यावरच्या पाताळेश्वरला जा. आठव्या शतकातलं लेणं आहे, सगळं एका अखंड काळ्या दगडात, म्हणजे तिथे काही 'बांधलेलं' नाही, दगड काढून टाकलाय आणि जे उरलं ते मंदिर. समोर नंदीचा गोल मंडप आहे ना, त्याच्याभोवती चक्कर मारा आणि नंदी किंवा खांब काढायच्या भानगडीत न पडता खांबांच्या मधली मोकळी जागा काढा. छोटी वही, एचबी पेन्सिल, फक्त पोकळीचे आकार. एका ठिकाणाहून ती पोकळी रुंद दिसते, दोन पावलं सरकलात की चिरेसारखी होते, आणि वरचा छताचा गोल कायम तसाच. हेपवर्थने १९३०च्या दशकाच्या सुरुवातीलाच दगडाला आरपार भोक पाडलं होतं आणि पुढे आयुष्यभर ती त्या भोकाशीच खेळत राहिली, त्यामुळे पोकळीला आकार मानायची सवय नसेल तर पुढचं सगळं नुसतं डेकोरेशन होईल.

आणि दुसरं, स्फटिक. यात पुणेकरांची चंगळ आहे. आपला हा सगळा काळा बसाल्ट म्हणजे साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, त्यातल्या वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या राहिल्या आणि त्यांच्यात नंतर झिओलाइट नावाची खनिजं आणि सोबतचे स्फटिक वाढले. वाघोलीच्या खाणीतलं कॅव्हन्साइट जगभरचे दगड गोळा करणारे लोक शोधत येतात, पांढऱ्या स्टिल्बाइटवर बसलेला असा गडद निळा झुबका असतो की खोटाच वाटावा. बाहेरून काळाकुट्ट ओबडधोबड दगड आणि फोडला की आत एकदम निळं. आता हेपवर्थचं १९४०चं 'स्कल्प्चर विथ कलर' बघा, बाहेरून पांढरं, आतली पोकळी गडद निळी आणि तिच्यात ताणलेले लाल दोरे. तिला वाघोली माहीत असायचं काही कारण नाही, पण स्फटिकांचं वेड तिच्या आसपास होतंच, १९३७च्या तिच्या प्रदर्शनाच्या कॅटलॉगची प्रस्तावना जे. डी. बर्नाल या स्फटिकशास्त्रज्ञाने लिहिली होती, आणि १९४०च्या दशकाच्या सुरुवातीच्या तिच्या ड्रॉइंग्जमध्ये पैलूच पैलू आहेत. तर कुणाकडे शोकेसमध्ये अ‍ॅपोफिलाइटचा (हाही याच दगडात मिळणारा एक स्फटिक) खडा असेल तर तासभर मागून आणा, खिडकीपाशी ठेवा आणि फक्त पैलूंच्या कडा काढा, शेडिंग अजिबात नको.

सामान. बोर्डसाठी ६ एमएमचा एमडीएफ घ्या, ३चा स्वस्त पडतो पण ओला थर दिला की केळ्यासारखा वाकतो. भवानी पेठेत टिंबर मार्केटला किंवा कुठल्याही प्लायवूडवाल्याकडे कट-पीस मिळतात, १२ बाय १५ इंच पहिल्यासाठी पुरे. चॉक पावडर बोहरी आळीत किलोवर मिळते, रंगवाल्या दुकानात व्हायटिंग म्हणून मागितलं तरी चालतं. पीओपी आणू नका, ते पाण्यात सेट होतं, आणि वॉल पुट्टीही नको, त्यात पांढरं सिमेंट असतं आणि मग ब्लेडचीच धार जाते. फेविकॉल, टर्पेंटाइन, थोडं जवसाचं तेल, दीड-दोन इंची चपटा ब्रश, पॉलिश पेपर १८० आणि ३२० नंबरचा. अप्पा बळवंत चौकातून पेन्सिली (एचबी, टू एच, फोर एच) आणि ऑइल कलरच्या तीनच ट्यूब: रॉ अंबर, अल्ट्रामरीन ब्लू, टायटॅनियम व्हाइट. चौथी ट्यूब म्हणजे तुमचा तो एक 'तुकडा', लाल किंवा पिवळा, जे आवडेल ते, पण दुकानात उभं राहून बारा ट्यूबांचा सेट घ्यायचा मोह टाळा, तो सेट घरी आला की वापरला जातोच आणि ड्रॉइंगची रांगोळी होते. घरात असलेलं: दाढीचं ब्लेड किंवा कटर, जुन्या धोतराचा किंवा सुती साडीचा तुकडा, आणि कंपासपेटी, तिच्यातलं कर्कटक आणि गुण्या दोन्ही लागणारेत.

रेडिमेड अ‍ॅक्रिलिक गेसोची (रंगाखाली द्यायच्या तयार पांढऱ्या थराची) बाटली मिळते, मग हा खटाटोप कशाला, असं कुणीतरी विचारणारच. तर अ‍ॅक्रिलिकवाला थर रबरासारखा असतो, कॅनव्हास वाकला तरी तडकू नये म्हणून तो तसाच बनवलेला असतो, आणि खरवडायला गेलात की त्याच्या वळ्या निघतात. आपल्याला खडूसारखा कोरडा, ब्लेडखाली पीठ होऊन निघणारा थर पाहिजे. जुने लोक प्राण्याच्या सरसात करायचे, ते बेस्टच, पण फ्लॅटमध्ये सरस उकळून बघा, शेजारी दारात येतील.

थर असा करायचा. एक भाग फेविकॉल आणि चार भाग पाणी असं पातळ करून बोर्डच्या पुढे-मागे आणि कडांना एक हात मारा आणि पूर्ण वाळू द्या. मग एक वाटी फेविकॉल, एक वाटी पाणी, त्यात चाळलेली चॉक पावडर अंदाजे दोन वाट्या, हळूहळू घालत, घुसळायचं नाही कारण घुसळलं की आत हवा शिरते आणि वाळल्यावर टाचणीच्या टोकाएवढी भोकं पडतात. पांढरेपणासाठी थोडा पांढरा पोस्टर कलर. मिश्रण ताकापेक्षा घट्ट आणि दह्यापेक्षा पातळ पाहिजे. (चाळणी परत कणकेला वापरायची नाही, हे सांगायला नको.) पहिला थर आडवा, तो वाळला की दुसरा उभा, असे सहा ते आठ, आणि मागच्या बाजूलाही दोन-तीन द्या म्हणजे दोन्हीकडून ताण सारखा राहतो आणि बोर्ड वाकत नाही. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे हवा इतकी कोरडी की थर वाळायची घाई होते आणि बारीक तडे जातात, त्यामुळे सकाळी लवकर करा आणि पंख्याखाली ठेवू नका. जुलै-ऑगस्टमध्ये उलटा त्रास, थर वरून वाळलेला वाटतो पण आत ओला असतो, त्यामुळे दिवसाला एक-दोनच द्या आणि बोर्ड भिंतीला टेकवू नका, बुरशी धरते. मला विचाराल तर दिवाळीनंतरचे दोन महिने यासाठी एक नंबर.

वाळल्यावर आधी १८०, मग ३२०चा पॉलिश पेपर, तोंडाला मास्क लावून आणि गॅलरीत, धूळ भयंकर उडते. पण आरशासारखं गुळगुळीत करू नका. ब्रशच्या हलक्या रेषा राहू द्या, कारण पुढे रंग त्यांच्यातच अडकतो आणि पृष्ठभागाला दगडाचा पोत येतो. एका कोपऱ्यात ब्लेड घासून टेस्ट करा: पीठ निघालं तर बरोबर, वळी निघाली तर फेविकॉल जास्त झालाय, टवके उडाले तर कमी. हे आत्ताच कळलेलं बरं.

आता रंगाची पहिली पुसणी. रॉ अंबरमध्ये किंचित अल्ट्रामरीन, जरासा व्हाइट, भरपूर टर्पेंटाइन आणि जवसाचे दोन-तीन थेंब, असा पातळ करडा करा, ब्रशने फटाफट लावा आणि लगेच फडक्याने पुसा. सगळीकडे सारखं पुसायचं नाही, कुठे जास्त दाब, कुठे कमी, म्हणजे ढगाळ दिसतं. थर शोषून घेणारा असल्यामुळे दहा सेकंद उशीर केलात तर निघत नाही, तेव्हा अर्धा-अर्धा बोर्ड घ्या. अंबर लवकर वाळतो, तीन-चार दिवसांत हात लावता येतो, पावसाळ्यात आठवडा धरा. आणि सीरियसली, जवसाच्या तेलाची फडकी चुरगाळून कचऱ्याच्या डब्यात टाकू नका, ती आपोआप तापतात आणि पेटू शकतात, दोरीवर पसरून पूर्ण वाळवा मग टाका.

बोर्ड वाळतोय तोपर्यंत रफ कागदावर आकार ठरवा. एक मोठा बंद आकार, अंड्यासारखा किंवा शंखासारखा, फ्रीहँड, आणि तो बोर्डच्या मधोमध ठेवायचा नाही. त्यात एक पोकळी, तीही मधोमध नाही. एवढंच. इथे आपलं इंटरमिजिएटचं संकल्पचित्र आडवं येतं, कारण तिथे आपल्याला कोपरा न् कोपरा भरायची आणि डाव्याला उजवा जुळवायची सवय लागलेली असते, आणि हात आपोआप चार कोपऱ्यांत चार पानं काढायला जातो. दोन तृतीयांश बोर्ड रिकामा राहिला तरी चालेल. पाताळेश्वरच्या वहीतली एखादी पोकळी उचला, किंवा निघोजच्या रांजणखळग्यांचे फोटो काढले असतील तर त्यातली एखादी कड, कुकडी नदीने कोरलेले ते आकार कुणाही शिल्पकाराला हेवा वाटावा असे आहेत. हेपवर्थचाच आकार ट्रेस करू नका. सरावाला एखादं करा, हरकत नाही, पण ती १९७५ला गेली त्यामुळे भारतात तिच्या कामाचा कॉपीराइट २०३५ संपेपर्यंत आहे आणि ब्रिटनमध्ये २०४५ संपेपर्यंत, सो कॉपी करून एक्झिबिशनमध्ये विकायला ठेवू नका.

बाहेरचा आकार बोर्डवर एचबीने हलका, मग पक्का झाला की टू एचने दाबून. दाबून म्हणजे थरात खरोखर खाच पडली पाहिजे, नखाला लागली पाहिजे.

आता रेघा, म्हणजे तारा किंवा दोरे जे म्हणाल ते, आणि खरी मजा इथेच आहे. हेपवर्थच्या शिल्पांतल्या दोऱ्यांबद्दल तिचं म्हणणं असं होतं की समुद्र, वारा, डोंगर आणि आपण यांच्यात जाणवणारा ताण म्हणजे ते दोरे. ऐकायला कवितेसारखं वाटतं पण करताना ते अगदी प्रॅक्टिकल आहे: रेघेची दोन्ही टोकं कशाला तरी बांधलेली पाहिजेत. हवेत सुरू होऊन हवेत संपणारी एकही रेघ नको. पोकळीच्या एका कडेवर कर्कटकाने सारख्या अंतरावर बारा खुणा करा, समोरच्या कडेवर बारा. आता १ला १, २ला २ असं जोडलंत तर साधा पडदा तयार होतो. १ला ४, २ला ५, ३ला ६ असं तीन घरं सरकवून जोडलंत की पडद्याला पीळ पडतो. आणि १ला १२, २ला ११ असं उलटं केलंत की सगळ्या रेघा मधे एकमेकींना छेदतात आणि तिथे कंबर तयार होते. शाळेत कार्यानुभवाच्या तासाला खिळे ठोकून दोऱ्याची नक्षी केली असेल तर हे तेच, सगळ्या रेघा सरळ आणि डोळ्याला दिसते ती मात्र वक्र कड. फक्त नक्षीत आपण पूर्ण वर्तुळ भरून टाकायचो, इथे एकच पट्टा करायचा आणि थांबायचं.

अंतराचं एक गुपित सांगतो. सगळ्या खुणा सारख्या अंतरावर ठेवल्या तर पडदा सपाट दिसतो. एका टोकाकडे खुणा जवळजवळ आणत गेलात तर तो पडदा तिकडे वळून मागे गेल्यासारखा वाटतो, काही शेडिंग न करता. त्यामुळे कर्कटकाने आधी सारख्या खुणा करा, नजरेने बघा, आणि मग शेवटच्या चार-पाच हाताने दाटवा. रेघांसाठी फोर एच, टोक सतत काढत, आणि गुण्याची कड फडक्याने पुसत राहा नाहीतर ग्रॅफाइट पसरून सगळं मळकट होतं. रेघ एका दमात ओढा, मधे थांबलात की तिथे ठिपका पडतो आणि दोरा तुटल्यासारखा वाटतो.

मग ब्लेड. प्रकाश कुठून येतोय ते ठरवा, समजा डावीकडून वरून, आणि आकाराच्या त्या अंगाला ब्लेड आडवं धरून हलक्या हाताने खरवडा. करडा निघून खालचा पांढरा वर येतो आणि तो वरून लावलेल्या पांढऱ्यापेक्षा वेगळाच दिसतो, आतून उजेड आल्यासारखा. आता बोर्डवर दोन प्रकारच्या रेघा झाल्या बघा, ग्रॅफाइटच्या काळ्या आणि ब्लेडच्या टोकाने ओढलेल्या पांढऱ्या. काही दोरे जिथे उजेडात येतात तिथे ब्लेडच्या टोकाने त्यांच्या शेजारून एक पांढरी रेघ काढा, दोरा लगेच बोर्डपासून सुटतो. खरवडलेल्या भागावर परत पेन्सिल चालवून बघा, ती तिथे जास्त काळी आणि खरखरीत उठते. परत पातळ करडा पुसा, परत खरवडा. हे मागे-पुढे तीन-चार वेळा झालं की पृष्ठभागाला वय येतं. एमडीएफचा तपकिरी दिसू लागला तर जास्त झालं, तेवढ्या जागेत चॉकचं मिश्रण भरून वाळवा आणि घासा, दुरुस्ती होते.

रंगाचा तुकडा सगळ्यात शेवटी आणि पोकळीच्या आत. बाहेरच्या अंगाला रंग दिलात की तो आकारावर चिकटवलेला स्टिकर वाटतो, आत दिलात की पोकळी खोल जाते. कॅव्हन्साइटचा तो दगड आठवा. रंग दाट आणि सपाट द्या, कडा टोकदार, पैलूसारखा. पोकळीत निळा आणि दोऱ्यांमधल्या एकाच त्रिकोणात लाल असं चालेल, तिसरा रंग आला की भांडण सुरू.

ज्यांना बोर्डचा व्याप नकोय त्यांनी जाड कार्ट्रिज पेपरवर पेन्सिल आणि पोस्टर कलरने करा, हेपवर्थची १९४१ची कामं पेन्सिल-गुआशचीच आहेत त्यामुळे त्यात कमीपणा काही नाही. पोस्टर कलरचा करडा वॉश, वाळल्यावर रेघा, आणि प्रकाशासाठी ब्लेडऐवजी कडक खोडरबर. खोली कमी मिळते पण रेघांचा सराव याच्यावर छान होतो, आणि चुकलं तर कागद फेकता येतो, आठ थरांचा बोर्ड फेकताना जीव जातो.

पूर्ण झाल्यावर निदान महिनाभर तरी धूळ न लागेल असं आडवं ठेवा. ग्लॉसी व्हार्निश नको, चमक आली की खरवडलेल्या रेघा दिसेनाशा होतात. फ्रेम करताना काच थेट चित्राला टेकू देऊ नका, फ्रेमवाल्याला आतून पट्टी मारून गॅप ठेवायला सांगा, आणि माउंट पांढराशुभ्र घेऊ नका कारण त्याच्या शेजारी आपला चॉकचा पांढरा पिवळट वाटतो, फिका करडा बरा. भिंत निवडताना समोरून उजेड येणारी नको, बाजूने खिडकी असलेली घ्या, तिरप्या उजेडात पेन्सिलीच्या खाचा दिसतात. आणि बोर्डच्या मागे फेविकॉल-चॉकचं प्रमाण, किती थर दिले आणि कुठल्या महिन्यात केलं ते पेन्सिलने लिहून ठेवा, दुसरा बोर्ड करायला घ्याल तेव्हा तेच आधी शोधाल.